अन्ना काय म्हणते?

आमच्या घरमालकांना सिनेमातला माणूस कधी मरणार हे आधी कळायचं. पडद्यावर एखादा पोरगा हसत हसत म्हणाला की बहिणीचं लग्न ठरलंय, की गुरुजी माझ्याकडे वाकून म्हणत, "गेला." आणि पंधरा-वीस मिनिटांत तो खरोखर जायचा. 'हे आपलं शेवटचं काम, मग गावी जाऊन शेती करू' असं म्हणणारा तर त्यांच्या लेखी वाक्य पुरं व्हायच्या आधीच खपलेला असे. न बोलता चहा आणून देणारा हमखास फितूर. फार हसणारा मित्र मध्यंतरापर्यंत टिकला तर नशीब. गुरुजींच्या शेजारी बसून टोळीयुद्धाचा सिनेमा पाहणं म्हणजे उत्तरं आधी वाचून गणितं सोडवण्यासारखं होतं, आणि तरी मी दर रविवारी जात असे.

मी तेव्हा आदिलाबादला मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तहसील कचेरीत, नवी नवी लागले होते. आमचं गाव नार्नूरकडचं. वडील दुसऱ्यांच्या वावरात राबले, पण मला त्यांनी हट्टानं तेलुगू शाळेत घातलं, त्यामुळे माझी तेलुगू घरच्या मराठीइतकीच पक्की. गुरुजींच्या माडीवरची एक खोली मला भाड्यानं मिळाली होती. ते मराठी शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना गुरुजीच म्हणायची. त्यांचं खरं नाव मला विजेच्या बिलावर पाहून कळलं.

माणूस इतका भित्रा की विजेचा मीटरवाला आला तरी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, पुढे करून स्वतः न्हाणीघरात जाऊन उभा राहायचा. दूधवाला पाणी घालतो हे त्यांना ठाऊक होतं. त्याला बोलायचं म्हणून ते रोज सकाळी दारात जात आणि "आज थंडी लय हाय" असं म्हणून परत येत. काकूंनी आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नव्हता. त्या म्हणायच्या, "घरात याईच्यानं एक उंदीर मरत नाई, अन् तिकडं खून पाहाले तिकीट काढते."

एकदा मी पाण्याची मोटर बंद करायला विसरले. खाली आले तर गुरुजी अंगणात माझ्याकडे पाठ करून उभे. हात मागे बांधलेले, नजर टाकीवर. बऱ्याच वेळानं, मान न वळवता, खोल आवाजात म्हणाले, "पोरी. टाकी वाहून राह्यली." मला हसू फुटलं. ते वळले, त्यांनाही हसू आवरेना. म्हणाले, "पाठ दावून बोललं का वजन पडते म्हणे. आपल्याले नाई जमत बा."

सिनेमात अन्नाचं तोंड आधी का दाखवत नाहीत, यावर मात्र ते गंभीरपणे बोलत. अन्ना म्हणजे तेलुगूत थोरला भाऊ, पण टॉकीजमध्ये अन्ना म्हणजे टोळीचा म्होरक्या. आधी गाडीचं दार उघडतं, मग चपला दिसतात, मग हातातलं कडं, मग मान. तोवर लोकांच्या शिट्ट्यांनी छत उडायची वेळ येते. गुरुजी म्हणायचे, "तोंड दावलं का माणूस दिसते. माणूस दिसला का भेव सरते. म्हणून लांबवते ते." आणि त्या पांढऱ्या शुभ्र शर्टांचं त्यांना फार नवल. "काम असं, अन् कपडा तसा. हे धुते कोण? कोण्याच पिक्चरमंदी मी धोबी पाह्यला नाई."

मी एकदा विचारलं, तुमच्यासारख्या माणसाला हे आवडतं तरी कसं? ते जिन्यावर बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, "तू ऑफिसात दिवसातून कितीक लोकाईले उद्या या म्हणतं?" मी मनात मोजू लागले. "अन्नासमोर कोणी उद्या या म्हणत नाई. इतकंच. इतक्यासाठी लोक तिकीट काढते." मग एक शेंग फोडून म्हणाले, "अन् शेवटी त्याले मारते, ते आपल्यासाठी. तीन तास आपुन त्याच्या बाजूनं शिट्ट्या मारल्या, तो मेला नाई तर कोण्या तोंडानं घरी जाचं? तो मरते, आपुन मोकळे होतो." मी पुढे बरीच पुस्तकं वाचली, पण या सिनेमांविषयी इतकं नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही.

रविवारी दुपारच्या खेळाला गुरुजी एकटे नसत. गल्लीतल्या चार-पाच मराठी बायका त्यांच्या रांगेत बसत. त्यांची तेलुगू बाजारापुरती. भाव, वजन, नको, पुढे जा, एवढी. सिनेमातली तेलुगू त्यांच्या डोक्यावरून जायची, म्हणून गुरुजी मधोमध बसून मराठीत सांगत. पडद्यावर कोणी तोंड उघडलं की रांगेतून आवाज येई, "अन्ना काय म्हणते?" आणि गुरुजी सांगत. सुरुवातीला मागचे लोक ओरडायचे. पुढे पुढे मागचेच दोघं-तिघं मराठी बाप्ये तिकीट काढल्यावर गुरुजींच्या जवळची जागा धरू लागले.

या सगळ्याची सुरुवात वच्छलाबाईंमुळे झाली होती. त्या गुरुजींच्या मागच्या घरात राहायच्या. नवरा कधीच गेलेला. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांचा लहानसा तुकडा होता, तिथं मेथी, अंबाडी, वांगी करून त्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, विकत. एकुलता एक मुलगा गजू हैदराबादला ड्रायव्हर म्हणून गेला, आणि वर्षभरानं कोणीतरी येऊन सांगितलं की तो आता एका अन्नाकडे असतो. जागांची भांडणं मिटवणारा अन्ना. मिटवणारा म्हणजे कसा, ते सांगणाऱ्यानं सांगितलं नाही. वच्छलाबाईंनी गुरुजींना विचारलं, "अन्नाकडं म्हंजे काय काम असते गुरुजी?" गुरुजींना काही सांगता येईना. तेव्हा बाईच म्हणाल्या, "टॉकीजमंदी तसे पिक्चर येते म्हणे. मले दावा. माहं पोरगं काय करून राह्यलं ते मले समजू द्या."

मी पहिल्यांदा त्या रांगेत बसले तेव्हा हे सारं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की गुरुजी सांगतात काय.

पडद्यावर टोळीतला एक पोरगा पळून गेला होता. अन्ना पानाचा विडा जुळवत शांतपणे म्हणाला, त्याला शोधा, पाय तोडा आणि त्याच्या आईच्या दारात टाका. रांगेतून वच्छलाबाईंचा आवाज आला, "अन्ना काय म्हणते?"

"म्हणते, पोरगं कुठं गेलं पाहा. जेवलं नसन सकाळपासून."

मी चमकून बघितलं. गुरुजी पडद्याकडेच पाहत होते. थोड्या वेळानं अन्नानं एकाला भर बाजारात धमकावलं. गुरुजींनी सांगितलं, "म्हणते, गरिबाची जागा परत करून दे." मुलानं आणलेले पैसे आईनं त्याच्या तोंडावर फेकले, कारण असल्या सिनेमातली आई ते नेहमीच फेकते. गुरुजी म्हणाले, "म्हणते, आदी तू जेव, मंग पाहू." पैसे उडताना सगळ्यांना दिसले होते, पण बायकांनी ते गुरुजींच्या शब्दावर सोडून दिलं. मारामारी लागली की ते सांगत, "गरिबाले लुटणाऱ्याईले हाकलून राह्यला."

आणि सिनेमा संपायला वीस मिनिटं असताना ते उठले. "चाला, मिटलं सारं. आता गर्दी होते." सगळ्या निमूटपणे उठल्या. बाहेर गाड्यावर आम्ही मिरचीभजी खात होतो तेव्हा भिंतीपलीकडून धडाधड आवाज आले. वच्छलाबाईंनी विचारलं, "हे काय जी?"

"फटाके," गुरुजी म्हणाले. "लगन लागलं त्याचं."

संध्याकाळी मी त्यांना जिन्यावर गाठलं. "गुरुजी, खोटं काऊन सांगता?"

त्यांनी मला खालच्या पायरीवर बसवलं. मग म्हणाले, "तू तिचं तोंड पाह्यलं का? पाय तोडा म्हणते, असं मी सांगू तिले? तिच्या पोराचे पाय डोयापुढं येईल तिच्या. खरं समजून तिच्या हातात काय हाय? मेथीची जुडी. रात्री झोपली पाहिजे बाई, बस." मला ते पटलं नाही, पण मीही वच्छलाबाईंना काही सांगितलं नाही. गुरुजींचा चांगुलपणा मला आवडत होता, आणि रविवारची दुपारही. दोष एकट्या गुरुजींचा नव्हता, हे मला आज कबूल करायला हवं.

असे सात-आठ महिने गेले असतील. संक्रांतीच्या आधी एका सकाळी वच्छलाबाई अंबाडीची जुडी घेऊन आल्या. चेहऱ्यावर मोठं समाधान. गुरुजी चहा पीत होते, मी ऑफिसला निघाले होते.

"गजूचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "म्हणे, माय, मन लागत नाई इथं. घरी येऊ का? म्हणलं मी, काऊन येतं बाबा? तुझा अन्ना चांगला माणूस हाय. जेवाखायाचं पाह्यते, गरिबाची जागा परत करते, लगनही लावून देते. म्हणलं, मी सारं डोयानं पाह्यलं. इथं येऊन काय करतं? राह्य तिथंच."

"मंग?" गुरुजींनी विचारलं.

"बरं म्हणला. ठेवला फोन."

गुरुजींनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका पडला की काकूंनी पाणी आणलं. पोरानं सुटायला हात पुढे केला होता, आणि आईनं प्रेमानंच तो परत आत लोटला होता. तिला ते गुरुजींनी शिकवलं होतं.

त्या रविवारी त्यांनी बाकी कोणाला बोलावलं नाही. वच्छलाबाई आणि मी. सिनेमा अगदीच सुमार होता, नेहमीच्या चपला, नेहमीचं कडं. पण गुरुजी पहिल्या वाक्यापासून जसंच्या तसं सांगत गेले. मारा म्हणाला की मारा. पाय तोडा म्हणाला की पाय तोडा. थोड्या वेळानं बाई काही विचारेनाशा झाल्या, तरी ते सांगत राहिले. शेवटी ते उठले नाहीत. पोरगा गल्लीत पडला, त्याच्या अंगावर कोणी पांघरूणही घातलं नाही, दिवे लागले, लोक गेले. वच्छलाबाई खुर्चीचा हात धरून बसल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "बाई, मी आजवर खोटं सांगतलं तुमाले. सारं."

वच्छलाबाई उठून चालू लागल्या. बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातात फोन दिला आणि गजूचा नंबर लावायला सांगितला. फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी बंद, पुढच्या आठवड्यातही बंद.

पुढचे दोन महिने वच्छलाबाई गुरुजींशी बोलल्या नाहीत. गुरुजींनी टॉकीजला जाणं सोडलं. ते रोज रैतू बाजारात जात, त्यांच्याच ढिगासमोर उभे राहत, नको असलेली वांगी घेत. बाई तोलून देत आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत. घरात वांगी सडायला लागली तरी काकू एक शब्द बोलल्या नाहीत. बासरच्या देवळाची पायरी कधी न चढलेला माणूस तिथल्या सरस्वतीला जाऊन आला. काय मागितलं ते सांगितलं नाही, पण ते विचारायची गरज नव्हती.

मग एका सकाळी गजू आला. डावा पाय गुडघ्यापासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये. कुठल्याशा जागेच्या भांडणात समोरच्या टोळीनं लोखंडी रॉडनं फोडला होता. अन्नानं दवाखान्यात ठेवलं, आणि प्लास्टर वाळल्यावर हा कोणाला न सांगता बसमध्ये बसला. गुरुजी त्याला भेटायला गेले तेव्हा मी सोबत होते. वच्छलाबाईंनी आम्हाला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

गुरुजींनी त्याला एकच विचारलं. "बाबू, आईनं सांगतलं म्हणून थांबला का तू तिथं?"

गजू प्लास्टरकडे बघत राहिला. "नाई गुरुजी. अन्ना खरंच विचारे. रोज विचारे, जेवला का म्हणून. माह्या बापानं कदी विचारलं नवतं. दुसऱ्याचे हात तोडाले लावे, अन् आल्यावर आपल्या ताटातलं वाढे. म्हणून तर निघता येत नवतं."

गुरुजी माझ्यापुढे झपझप निघाले. दारात आल्यावर म्हणाले, "मी गोड करासाठी जे मनचं घालत होतो ना पोरी, तेच खरं होतं. अन् तेच सगळ्यात वाईट होतं."

आठवडाभरानं, टळटळीत दुपारी, आमच्या गल्लीत पांढरी गाडी येऊन थांबली. दुसरा शनिवार होता म्हणून मी घरी होते. दोघं उतरले. एक गाडीजवळच राहिला. दुसरा पस्तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शांत. वच्छलाबाईंच्या दारात त्यानं चपला काढल्या. वरच्या खिडकीतून मी ते पाहत होते आणि मला त्या चपला काढण्याचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात हाक आली. "गुरुजी!" दोन महिन्यांतली पहिली.

गुरुजी न्हाणीघराकडे वळले नाहीत. पायात काही न घालता मागच्या दारानं तसेच गेले. मी धावत खाली आले. वच्छलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, दार आतल्या बाजूनं अर्धं लोटून. गजू आत होता. तो काहीतरी बोलू लागला तर त्या मागे न बघता म्हणाल्या, "तू बोलाचं नाई. तू बोलला का त्याच्याकडं जाशीन." मग गुरुजींना म्हणाल्या, "हा तेलुगूत बोलून राह्यला. मले पुरतं समजत नाई. तुमी सांगा. अन् ही पोरगी उभी हाय इथं. तिले समदं समजते. एक शब्द खोटा सांगतला तर ही मले सांगन."

तो माणूस तेलुगूत बोलू लागला. आवाज अगदी घरच्यासारखा. अन्नानं नमस्कार सांगितलाय. दवाखान्याचं सगळं अन्नानंच केलं. गजूला तो धाकटा भाऊ मानतो. पाय बरा झाला की गाडी पाठवू.

गुरुजींनी तसंच सांगितलं.

"म्हणा, पोरगं येनार नाई."

गुरुजींनी तेलुगूत सांगितलं. तो माणूस हसला. त्यानं मनगटावरचं घड्याळ सरळ केलं आणि म्हणाला, अन्नाला नाही ऐकायची सवय नाही. आणि आईला सांगा, मुलाचा एक पाय अजून चांगला आहे.

गुरुजी थांबले. जुना रस्ता समोर मोकळा होता. म्हणते, पायाची काळजी घ्या, एवढं म्हटलं असतं तरी ती वेळ निभावली असती. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"म्हणते, अन्नाले नाई ऐकाची सवय नाई." त्यांचा आवाज चिरकला. "म्हणते... गजूचा एक पाय अजून धड हाय."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वच्छलाबाईंनी उंबरा सोडला आणि त्या माणसाच्या समोर हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या.

"सांगा त्याले. दोनी पाय तोडले तरी माहं पोरगं मी उचलीन. डोक्यावर पाटी घेऊन कोसभर चालतो मी रोज, हे बी नेईन. वावरात बसवीन, मेथी खुडाले हात पुरते. पन गाडीत बसू देनार नाई. अन् हे बी सांगा, त्याचा अन्ना चांगला मानूस हाय असं मीच पोराले सांगतलं होतं. ते माहं चुकलं. आता पोरगं न्यायचं असन तर आदी मले उचला."

गुरुजींनी ते तेलुगूत सांगितलं. त्यांची तेलुगू शाळेच्या पुस्तकातली होती, जड आणि व्याकरणशुद्ध. एकही शब्द त्यांनी गाळला नाही आणि पदरचा घातला नाही. 'मी उचलीन' हे ते 'मी'नंच म्हणाले, त्यामुळे क्षणभर असं वाटलं की तो किरकोळ म्हातारा स्वतःच गजूला उचलणार आहे. सगळं बोलणं त्यांनी थरथरत्या आवाजात, धापा टाकत, शेवटपर्यंत नेलं.

त्या माणसानं विचारलं, तुम्ही मुलाचे कोण?

"कोणी नाही," गुरुजी तेलुगूत म्हणाले. "त्या बोलतात ते सांगतो."

त्यानं एकदा अर्ध्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग त्यानं चपला घातल्या, आणि गाडी गेली. ते परत आले नाहीत. आईच्या बोलण्यानं अन्नाचं मन वळलं असं मला अजिबात वाटत नाही. त्याला दुसरा पोरगा मिळाला असणार. तशी पोरं इकडे हवी तेवढी आहेत. पण त्या दुपारी हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे कितीतरी दिवस गल्लीत गाडीचा आवाज आला की आजूबाजूची सगळी घरं कान टवकारायची.

गुरुजी त्याच अंगणात मटकन खाली बसले. वच्छलाबाईंनी आतून तांब्याभर पाणी आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्याही जमिनीवर बसल्या. मी पुढे होऊन म्हटलं, "मावशी, गुरुजींनी शब्दाला शब्द सांगितलं. काही वगळलं नाही."

"तू नाई सांगतलं तरी समजलं मले," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी गुरुजींकडे नीट पाहिलं. "इतके दिवस टॉकीजमंदी सांगत होते, कदी आवाज कापला नाई तुमचा. आज कापला. तवाच समजली मी, का हे खरं हाय."